वरच्या खोलीतला राउटर

मोशीला ज्योतीरामचं दोन खोल्यांचं घर होतं आणि वर नव्यानं चढवलेली एक खोली. त्या वरच्या खोलीत त्याची लेक विजयश्री कामाला बसायची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. खुणांच्या भाषेत तिचं शिक्षण झालं आणि यंदा एका संस्थेनं तिला कामही दिलं. ऐकू न येणाऱ्या लहान मुलांना आणि त्यांच्या आईबापांना व्हिडिओ कॉलवर खुणा शिकवायच्या.

धाराशिवहून येऊन वीस वर्षं महाळुंग्याच्या कंपनीत फिटरचं काम करणाऱ्या ज्योतीरामला लेकीच्या नोकरीचं कोण कौतुक! पण पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. कॉल सारखा अडकायचा. इतरांचं एक बरं असतं, चित्र थांबलं तरी आवाज येत राहतो. विजयश्रीचे हात म्हणजेच तिचं बोलणं. ते पडद्यावर थिजले की वाक्य तिथंच तुटायचं.

एका दुपारी फर्स्ट शिफ्ट करून तो वर गेला, तर ती लॅपटॉप मिटून बसलेली.

"मी शिकवते ते कुणाला दिसतच नाही," तिनं खुणेनं सांगितलं. "मला काढून टाकतील."

ज्योतीरामनं चहासुद्धा घेतला नाही. तडक पिंपरी कॅम्पातला बाजार गाठला. तिथल्या नेटच्या सामानाच्या एका चिंचोळ्या दुकानात मालकीण सुमनताई वायरी गुंडाळत बसल्या होत्या.

"ताई, सगळ्यात भारी राउटर द्या. ते सहा अँटेनावालं."

सुमनताईंनी खोक्याला हात लावला नाही. "घर केवढं आहे? आत्ताचा राउटर कुठं ठेवलाय?"

"खाली, लोखंडी कपाटाच्या मागं. लेक वर बसती."

"मग आधी त्याला कपाटामागून काढा. आणि मध्ये स्लॅब आहे ना? सहा काय, दहा अँटेना लावल्या तरी स्लॅबपुढं जोर कमीच पडणार. हा साधा राउटर न्या. खालच्या राउटरपासून जिन्यावरून वायर ओढून वर जोडायचा. एवढ्यात काम होईल."

"पण एवढा स्वस्त? लेकीच्या नोकरीचा प्रश्न हाय, ताई."

"म्हणूनच सांगते. वायरीनं वर नेलेलं नेट भिंतीत अडकत नाही. आठ दिवस वापरा, नाही चाललं तर परत घेईन." मग त्यांनी राउटरचं खोकं तिथंच उघडून सेटिंग करून दिलं आणि जिन्याला पुरेल एवढी वायर मोजून कापली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ज्योतीरामनं जिन्याच्या कडेनं वायर ठोकली. वर हिरवे दिवे लागले. विजयश्रीनं कॉल लावला. पडद्यावर नांदेडची एक आई आणि तिच्या मांडीवर तीन वर्षांचा मुलगा. चित्र स्वच्छ होतं. विजयश्रीनं नाकाशी, नथीच्या जागी बोट नेलं, म्हणजे 'आई'. पुन्हा केलं, पुन्हा केलं. पोरगं टकामका बघत राहिलं. मग त्यानं हळूच आपलं बोट नाकाला लावलं, मान वळवली आणि मांडीवर घेऊन बसलेल्या आईकडं पाहिलं.

त्या बाईनं तोंडाला पदर लावला. दारात हातोडी घेऊन उभ्या असलेल्या ज्योतीरामचेही डोळे भरून आले.

रविवारी रुपालीनं, त्याच्या बायकोनं, दाण्या-गुळाच्या शेंगापोळ्या करून दिल्या. बापलेक दोघं त्या घेऊन दुकानात गेले. ज्योतीरामनं नांदेडच्या पोराची गोष्ट सांगितली.

"अहो, मी काय केलं?" सुमनताई संकोचल्या. "एक साधा राउटर तर विकला."

"न्हाई ताई. मी घाबरून आलो होतो. तुम्ही मला काहीबी विकू शकला असता."

विजयश्रीनं हनुवटीला बोटं टेकवून हात त्यांच्याकडं नेला.

"म्हणजे?"

"आभार मानती."

सुमनताईंनी तसंच करून पाहिलं. हात भलतीकडंच गेला. विजयश्री हसली. तिनं काउंटरवरून वाकून त्यांची बोटं धरली आणि नीट करून दाखवली. मागं दोन गिऱ्हाइकं उभी होती. सुमनताईंनी त्यांना थांबायला सांगितलं आणि पुन्हा एकदा हात हनुवटीला लावला.