नाकाजवळची चुणी

दृष्टी गेली तरी वाट कधी बंद होत नाही, असं केंद्राच्या मुख्य दारावर सोनेरी अक्षरांत कोरलेलं होतं. शिकायला येणाऱ्यांपैकी ते कुणालाच वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना वाचता येत होतं ते कर्मचारी मागच्या दाराने येत, कारण पार्किंग तिकडे होतं.

कटिंग मास्तरांना ते मेहुण्याने वाचून दाखवलं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ आणि शिलाईच्या दुकानाचा मालक. मास्तरांची उभी हयात त्याच्या, आणि त्याआधी त्याच्या वडिलांच्या, दुकानात कापायच्या टेबलाशी गेली होती. आता त्यांच्या नजरेला मधोमध भोक पडलं होतं. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं, कडेकडेचं तेवढं उरायचं. बायकोचा चेहरा बघायचा तर तिच्या कानाकडे बघावं लागे. नवरा नजर चुकवतोय म्हणजे काहीतरी भानगड आहे, असं तिला आधी वाटलं. डॉक्टरांनी खरं काय ते सांगितल्यावर तिला वाटलं, भानगड परवडली असती. नजरेच्या त्या उरलेल्या कडाही जाणार होत्या. कधी, ते डॉक्टर सांगत नव्हते.

मेहुण्याची अट साधी होती. "दाजी, मापं घ्यायला तुमची बोटं पुरेत. पण तुम्हाला आणायला-सोडायला माझ्याकडे माणूस नाही. एकटे रस्ता ओलांडून या, टेबल तुमचंच आहे."

म्हणून मास्तर केंद्रात आले. तिथे थोडंफार दिसणाऱ्यांच्याही डोळ्यांवर काळी पट्टी बांधत. उद्या जे होणार त्याची आजच सवय करून घ्यायची, असं काठीने चालायला शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या. मास्तरांना तो उद्याच नको होता. पट्टी बांधली की कुणी विहिरीत लोटून वर झाकण लावल्यासारखं व्हायचं. पहिल्याच दिवशी ते भिंतीला चिकटून हमसून हमसून रडले. पट्टीच्या आत रडायची नीट सोय नसते. ती भिजते आणि नाकावर घसरते.

केंद्रातल्या पट्ट्या तशाही जुन्या झालेल्या. मास्तर कारागीर माणूस. सगळ्यांना नव्या शिवून देतो म्हणाले. बाईंना भरून आलं. मास्तरांनी चाचपून, हाताच्या सवयीने, दुहेरी अस्तर लावून, नाकाच्या उंचवट्यावर चपखल बसतील अशा पट्ट्या केल्या. उजेडाला शिरायला सुईइतकी जागा ठेवली नाही. फक्त स्वतःच्या पट्टीला नाकाजवळ एक बारीक चुणी सोडली. मान जराशी वर उचलली की तिच्यातून बुटांची टोकं दिसत, फुटपाथची कड दिसे, चाकं थांबलीत की पळताहेत तेही कळे.

मग काय, मास्तर सुटलेच. त्यांच्या बरोबरीने एक माजी ड्रायव्हर शिकत होता. त्याला फक्त उजेड-अंधार कळायचा. तो दिसेल त्या, म्हणजे न दिसेल त्या, खांबावर आपटायचा आणि कपाळ चोळत खांबालाच सांगायचा, माझं लायसन काढून घेतलं ते बरंच झालं. मास्तरांना खांब कधी शिवला नाही. काठी ते टेकवत, पण शोभेला. त्यांची वर उचललेली मान बाईंना आत्मविश्वास वाटली. बाकीच्यांना त्या सांगत, मास्तरांची चाल ऐका जरा.

पण हल्ली चुणीतून बुटाचं एकच टोक दिसू लागलं होतं. मास्तरांनी बूट बदलून पाहिले.

वार्षिक दिनाला पाहुण्यांसमोर रस्ता ओलांडायचं प्रात्यक्षिक ठरलं. बाईंच्या यादीत पहिलं नाव मास्तरांचं. समोरच्या फुटपाथवर मेहुणा येऊन उभा राहणार होता. कार्यक्रम नीटनेटका दिसावा म्हणून बाईंनी आदल्या दिवशी सगळ्या पट्ट्या गोळा केल्या, धुतल्या, इस्त्री केल्या आणि हाताला येईल ती ज्याला-त्याला दिली.

मास्तरांनी पट्टी बांधली. गडद काळोख. त्यांनी मान वर केली, आणखी वर केली. आपलं काम त्यांनी ओळखलं. काम उत्तम होतं.

ते फुटपाथच्या कडेला उभे राहिले. गाड्या गेल्या, थांबल्या, पुन्हा गेल्या. नुसता आवाजांचा गोंगाट. त्यातला कुठला समोरचा आणि कुठला बाजूचा, हे कानाला कधी शिकवलंच नव्हतं. पाय जागचा हलेना. पाहुणे माईकवरून म्हणाले, ही एकाग्रता बघा. लोकांनी हळू आवाजात टाळ्या वाजवल्या.

मागे नंबर लावून उभा असलेला ड्रायव्हर तेवढ्यात म्हणाला, "बाई, या पट्टीत नाकापाशी उजेड येतोय. मास्तर, तुमच्या हातून चूक म्हणजे कमालच झाली."

बाईंनी त्या पट्टीवरून बोट फिरवलं. चुणी दुहेरी टाक्याने पक्की केलेली होती. इतक्या सुबकपणे कुणी चुकत नाही. "टाका दुहेरी आहे, मास्तर," त्या म्हणाल्या. तेवढ्यावरून मास्तरांना कळलं.

"बाई, मला काही येत नाही," मास्तर म्हणाले. "मला पहिल्यापासून शिकवा. अजून जराशी कड उरलीय, तोवर शिकवा." हे सगळं ते दिव्याच्या खांबाला सांगत होते. बाई दुसऱ्या बाजूला होत्या.

ड्रायव्हरने चाचपत त्यांचा हात धरला आणि आपल्या कोपरावर ठेवला. "चला. खांब आला तर आधी मला लागेल."

गाड्या थांबल्याचं त्याने ऐकलं आणि दोघे निघाले. मास्तर अख्खा रस्ता त्याच्या कोपराला लोंबकळत गेले. पलीकडे खांब होता; तो ठरल्याप्रमाणे ड्रायव्हरला लागला.

मेहुणा टाळ्या वाजवत पुढे आला. मास्तरांनी पट्टी काढली आणि त्याच्या कानाकडे बघत सगळं सांगून टाकलं. चुणी, मान, बूट. मग म्हणाले, "एकटा नाही आलो मी. पण येईन. थोडा धीर धर, टेबल तेवढं कुणाला देऊ नकोस."

मेहुण्याने घसा साफ केला, आणि मास्तरांचे बूट छान आहेत म्हणाला.

टेबल त्याने मागच्याच महिन्यात विकलं होतं. त्या जागी आता तयार शर्टांचा स्टँड होता.