भिंतीवरचे तीन ठोके

भोंग्याचं गाणं रेडिओच्या यादीत सातव्या आठवड्यात दुसऱ्या नंबरावर चढलं, आणि त्याच आठवड्यात शेजारच्या टेलरकाकांनी दाराची बेल काढून टाकली. दोन्हींचा संबंध होता. भोंग्याला तो पुरता ठाऊक होता, म्हणूनच तो महिनाभर घराकडे फिरकला नव्हता.

भोंगा हे नाव गल्लीनं दिलेलं. आवाजच तसा होता. त्याच्या बँडचं हे पहिलंच गाणं. मुलगा गिटार घेऊन बसतो, भिंतीपलीकडून कुणीतरी तीनदा ठोकतं, मुलगा थांबतो. तीन कडवी हेच. चौथ्यात भिंतीपलीकडचा माणूस ओरडतो, ‘तुझ्या गळ्यात काही नाही!’ आणि तिथून गिटार जी सुटते ती शेवटपर्यंत कुणाला जुमानत नाही. ठोक्यांसाठी आधी ड्रम वाजवून पाहिला, तर रेकॉर्डिंग करणाऱ्या बाई नाक मुरडून म्हणाल्या, "फार गोड झालं. झोपमोड झालेल्या माणसाचा राग हवा." मग भोंग्यानं स्टुडिओतल्या जुन्या कपाटावर स्वतःचा बूट हाणला. पहिल्याच फटक्यात जमलं. जमणारच! दहा वर्षं ऐकलेला आवाज होता तो.

गाणं चाळिसाव्या नंबरावरून एकविसाव्यावर, तिथून नवव्यावर आलं. पोरं बसच्या पत्र्यावर तीन ठोके मारायला लागली. मग रेडिओवाल्यांनी मुलाखतीला बोलावलं आणि निवेदिकेनं विचारलं, "हा भिंतीपलीकडचा माणूस खराच आहे का?"

नाही म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? पण घरी बाबा रेडिओला कान लावून बसलेत, हे त्याला माहीत होतं. त्याची भंबेरी उडाली आणि तो बोलून गेला, "हो. शेजारी होते आमचे."

त्यांच्या घराला लागून एकच घर होतं. चाहत्यांना ते शोधून काढायला चार दिवससुद्धा लागले नाहीत.

आज रविवार. दुपारी नंबर जाहीर होणार होते, आणि या वेळी पहिला नक्की, असं सगळेच म्हणत होते. बाबांनी फोन करकरून बोलावलं म्हणून भोंगा आला. जिना चढला आणि टेलरकाकांच्या दारापाशी त्याचे पाय अडखळले. चाहत्यांनी तीन-तीन ठोके मारून दाराचा रंग उडवला होता. दार उघडंच होतं. काका मशीनवर वाकले होते, कानात कापसाचे बोळे.

भोंग्याला बघून त्यांनी एका कानातला बोळा काढला. "ये. उघडंच ठेवतो हल्ली. दार उघडं असलं की ठोकायला येणारे लाजतात."

"काका, मी..."

"कोण ठोकायचं ते मला ठाऊक आहे. भिंत पातळ आहे रे. तू गायचास, तेव्हा मी मशीन थांबवून ऐकायचो. मला एवढंच सांग, माझ्यावर का ढकललंस?"

भोंग्याच्या गिटारचा पहिला पट्टा याच माणसानं शिवून दिला होता, कोटाच्या उरलेल्या कापडातून. बायको जाऊन पंधरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. भोंग्यानं दाराच्या उडालेल्या रंगावरून बोट फिरवलं. काकांनी थोडी वाट पाहिली, बोळा परत कानात घातला आणि मशीन सुरू केलं.

घरात बाबांनी रेडिओ भिंतीला टेकवून ठेवला होता, आवाज पूर्ण सोडून. डेपोत बसगाड्या दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता, बहुतेक रात्रपाळीतच. कॅलेंडरवर प्रत्येक रविवारच्या चौकटीत त्यांनी गाण्याचा नंबर लाल पेनानं लिहिला होता.

"आवाज कमी करा बाबा."

"का म्हणून? ऐकू दे त्याला! माझ्या पोराला ठोकत होता काय?"

"काकांनी कधीच ठोकलं नाही."

"तूच तर म्हणालास!"

"खोटं बोललो. तुम्ही ऐकत होतात म्हणून. तुम्ही ठोकायचात बाबा. रात्रपाळी करून येऊन झोपायचात, आणि मी वाजवायला लागलो की बुटानं ठोकायचात."

बाबा हसले. अगदी मनापासून हसले. "मी? अरे, मी तर मेल्यासारखा झोपायचो." मग हसू हळूहळू ओसरलं. "आणि ते गळ्यात काही नाही म्हणून?"

"तेही."

"मला आठवत नाही रे."

हे बाबांना तोंडावर सुनावायचं, असं भोंग्यानं किती वर्षं मनाशी घोकलं होतं. सुनावल्यावर छाती हलकी होईल, असंही वाटलं होतं. पण समोर थकलेला, गोंधळलेला माणूस हातात लाल पेन धरून बसला होता, आणि भोंग्याला वाटलं, आपण दोन म्हाताऱ्यांना एकाच गाण्यात मारलं.

"जिन्यात गाठलं होतं मी त्याला," बाबा म्हणाले. "गेल्या रविवारी. चार माणसं उभी होती. त्यांच्यासमोर म्हणालो, तुला स्वतःचं पोर असतं, तर पोराचं मन कळलं असतं तुला."

"काय म्हणाले काका?"

"काही नाही. मान खाली घालून गेला. मला वाटलं, लाजला."

रेडिओवर टाळ्या वाजल्या. निवेदिकेनं पहिला नंबर जाहीर केला, बँडचं नाव घेतलं. बाबांनी रेडिओ बंद केला, पेन टेबलावर ठेवलं आणि चपला शोधायला लागले.

"मीही येतो," भोंगा म्हणाला.

"नको. तुझ्याकडे बघून तो लगेच माफ करेल. मला तसं नकोय."

बाबा गेले. भोंगा थांबला. खोटं त्याचं होतं, त्यानंही जायला हवं होतं.