नोएमीसाठी राखलेला तुकडा

मी झेर्बो नावाच्या थरांच्या केकचा एक जुना, वाळलेला तुकडा आहे. मित्रांनो, आम्हा झेर्बोंचं आयुष्य असतं चार दिवसांचं. मी मात्र पत्र्याच्या डब्यात पाच महिने काढले.

नाताळाच्या आदल्या दिवशी नोएमीने मला केलं. हंगेरीतल्या एका खेड्यात, सासऱ्यांच्या, म्हणजे वेंडेलबाबांच्या स्वयंपाकघरात. तिने पीठ मळून पातळ थर लाटले. मधे जर्दाळूचा जॅम आणि अक्रोडाची पूड पसरली. भाजून झाल्यावर वरून चॉकलेट ओतलं. सासूबाई रोझालिया गेल्यापासून त्या घरात झेर्बो झाला नव्हता.

"बाबा, ओळखा बघू काय केलंय!"

बाबांचा चेहरा उजळला. मग त्यांनी विचारलं, "जॅम कुठून आणलास?"

"तळघरातून. एकच बरणी मागे पडली होती. म्हटलं, वाया जाण्यापेक्षा…"

"वाया?" बाबा ओरडले. "माझ्या रोझाच्या हातचं तेवढंच उरलं होतं गं! रोज जाऊन बघायचो मी ती बरणी. तुझं कोण गेलंय, म्हणून तुला कळणार?"

नोएमीची आई ती चार वर्षांची असतानाच गेली होती. बाबांना ते ठाऊक होतं.

"मीही त्यांना आईच म्हणायचे, बाबा," एवढंच ती बोलली. त्याच संध्याकाळी ती आणि तिचा नवरा बालिंट शहरात परतले.

दोन दिवस बाबांनी आम्हांला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी एक तुकडा तोंडात टाकला आणि ते टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. चव हुबेहूब रोझालियाची होती. पोर सगळं तिच्याकडूनच शिकली होती.

त्यांनी मुलाला फोन लावला. "तिला म्हणावं, माझं चुकलं. एक तुकडा राखलाय तिच्यासाठी."

"सांगतो, बाबा. पण तिला जरा वेळ द्या."

ईस्टर आला नि गेला, नोएमी काही आली नाही. बाबा डबा उघडून मला बघायचे, पुन्हा झाकण लावायचे. मे महिन्यात एका सकाळी ते उठलेच नाहीत.

दफनानंतर नोएमीने डबा उघडला. झाकणाच्या आत चिठ्ठी होती: 'नोएमीचा. कोणी खाऊ नये.' तिने मला दातांखाली धरलं, पण मी दगड झालो होतो. कितीतरी वेळ ती मला ओंजळीत धरून जमिनीवर बसून राहिली.

मित्रांनो, आपल्या माणसांवर रागवा हवं तर. पण आमच्यासारखे तुकडे मऊ आहेत तोवर परत या.