अमृताच्या खोक्यावरची फुली

कडुबा मगरे चितेगावच्या खोक्यांच्या कंपनीतून निवृत्त झाला, त्याला आठ महिने झाले होते. एकोणतीस वर्षं तो तिथं होता. पहिली पाच वर्षं त्यानं पुठ्ठ्याची खोकी केली आणि पुढची चोवीस वर्षं ती नुसती तपासली. सरकत्या पट्ट्यावरून खोकं समोर यायचं. तो चार कोपरे बघायचा, वरचे कान, म्हणजे झाकणाच्या पट्ट्या, दुमडून बघायचा आणि चुकलेल्या खोक्यावर लाल पेन्सिलीनं फुली मारायचा. बरोबर असलेल्या खोक्याला काही करायचं नसे. ते आपलं पुढं जायचं.

घरी आल्यावर तपासण्यासारखं फारसं काही राहिलं नाही. बायको चार वर्षांपूर्वीच वारली होती. मुलगा अतुल वाळूजला एका कंपनीत शिफ्टमध्ये होता. सून दीपमाला क्रांती चौकाजवळच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. साडेचार वर्षांची नात श्रेया घराजवळच, नक्षत्रवाडीतल्या अंगणवाडीत जायची. तिला सोडायचं आणि आणायचं, एवढं काम कडुबाकडं होतं. ते तो अर्धा तास आधीच करायचा.

अंगणवाडी बुद्धविहाराला लागून असलेल्या खोलीत भरायची. तिथल्या सरिताताईंनी यंदा असं ठरवलं होतं, की दर शनिवारी एका घरच्या माणसानं यावं आणि मुलांना हातानं एक वस्तू करायला शिकवावी. घरात असेल तेच सामान आणायचं. एका आईनं भेंडीचे देठ रंगात बुडवून ठसे मारून घेतले. एका मुलाच्या आजीनं, आवडाबाईंनी, चिंध्यांच्या बाहुल्या करून घेतल्या. त्या सगळ्या बाहुल्या आवडाबाईंनीच केल्या, मुलांनी चिंध्या धरल्या. मग श्रेयाच्या घरची पाळी आली.

"मामा, तुम्हीच जा," दीपमाला म्हणाली. "मला शनिवारी सुट्टी नसती."

"मला काय येतं?"

"खोकं येतं की."

हे खरंच होतं.

तयारी बुधवारी सुरू झाली. किराणा दुकानातून साबणाची आणि बिस्किटांची मोकळी खोकी आणून त्यानं त्यांचे बावीस तुकडे कापले. सगळे एका मापाचे. जिथं दुमडायचं तिथं चमच्याच्या मागच्या टोकानं रेघ दाबून ठेवली, म्हणजे पुठ्ठा दुसरीकडं मोडणार नाही. गुलमंडीच्या बाजारात जाऊन चार रंगांचा घोटीव कागद आणला. शुक्रवारी गव्हाच्या पिठाची खळ शिजवली. पुस्तकं बांधणारे लोक खळीत विषारी मोरचूद घालतात, म्हणजे किडे लागत नाहीत. त्यानं तो घातला नाही, कारण खळ मुलांच्या हातात जाणार होती. शेवटी त्यानं एक नमुना करून त्याचे कोपरे काटकोनाचा गुण्या लावून पाहिले. अतुल जेवता जेवता हे बघत होता.

शनिवारी एकोणीस मुलं आली. कडुबा चटईवर मांडी घालून बसला आणि नमुना वर धरून म्हणाला, "हे खोकं आहे. आधी ह्या रेघेवर दुमडायचं. मग ह्या. मग ह्या कानाला खळ लावायची आणि वीस आकडे म्हणेपर्यंत दाबून धरायचं."

मुलांना वीस आकडे येत नव्हते. सात-आठपर्यंत दाबून ती सोडून देत होती. एकानं खळ चाखली आणि शेजारच्याला सांगितलं, त्यामुळं खळीचं एक भांडं पुठ्ठ्याच्या कामाला फारसं उरलं नाही. एकीनं तुकडा डोक्यावर ठेवून टोपी म्हणून जाहीर केला. एक मुलगा तुकडा उभा धरून मुंग्यांना अडवत होता. श्रेयानं लाल कागद पायाच्या नखांवर चिकटवला. कडुबानं प्रत्येकाजवळ जाऊन पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. पाऊण तासानं सरिताताई म्हणाल्या, "झालं का सगळ्यांचं? मांडा बरं समोर."

मुलांनी भिंतीला लागून वस्तू मांडल्या. कडुबा उठला आणि एका टोकानं बघत निघाला. लाल पेन्सिल खिशात होती. ती का घेतली होती, हे त्याला नंतर सांगता आलं नाही. पहिल्या वस्तूला दोनच बाजू होत्या. त्याचा हात खिशात गेला आणि त्यानं फुली मारली. दुसऱ्या वस्तूचे कान आत चिकटले होते. फुली. तिसरी टोपीच होती. फुली. हात चोवीस वर्षांच्या वेगानं चालला होता. सरिताताईंच्या लक्षात येईपर्यंत तो निम्म्या रांगेपुढं गेला होता.

"काका, अहो," त्या पुढं झाल्या, पण तोवर मुलांनी फुल्या पाहिल्या होत्या.

"मला पन मारली," मुंग्या अडवणारा मुलगा म्हणाला.

"मह्यावर दोन रेघा आल्या," टोपीवाली म्हणाली आणि टोपी घालून सगळ्यांना दाखवायला निघाली. पुढची मुलं आपापली वस्तू धरून ताठ बसली. एकानं घाईघाईनं तुकड्याची गुंडाळी केली आणि पुढं केली. तिलाही फुली मिळाली.

अठरावी फुली मारून कडुबा शेवटच्या खोक्यापाशी आला. ते अमृताचं होतं. अमृता चार वर्षांची होती, फार बोलायची नाही. कडुबानं खोकं उचललं. चारही कोपरे जुळलेले होते. कान बसत होते. खळ बाहेर आली नव्हती. त्यानं ते तळहातावर ठेवून दाबलं, फिरवून बघितलं, खाली ठेवलं आणि पेन्सिल खिशात टाकली.

अमृता वाट बघत राहिली. मग म्हणाली, "आबा, माझी फुली."

"तुला नाय. तुझं बरोबर आहे."

अमृतानं आपलं खोकं पाहिलं. इतर अठरा वस्तू पाहिल्या. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आवाज थोड्या वेळानं आला.

"मारा की एक, काका," सरिताताई हळू म्हणाल्या.

"ताई, बरोबर मालावर फुली मारत नसतात."

"चार वर्षांची आहे हो ती."

"व्हय. पण खोकं बरोबर आहे."

सरिताताईंनी बॉलपेननं खोक्यावर चांदणी काढली. अमृतानं ती बघितली आणि आणखी मोठ्यानं रडायला लागली. तेवढ्यात तिची आजी सारजाबाई तिला न्यायला आली. दारात उभ्या उभ्या तिनं सगळं ऐकून घेतलं.

"एक फुली मारायला तुमचं काय जातंय भाऊ?"

कडुबानं सांगून पाहिलं. फुली म्हणजे काय, ती कुणावर मारतात, असं खोकं कंपनीत आलं असतं तर साहेबानं हातात घेऊन सगळ्यांना दाखवलं असतं. सारजाबाईनं सगळं शांतपणे ऐकलं.

"म्हंजे पोरीनं चांगलं केलं म्हून तिला नाय द्यायचं," ती म्हणाली, नातीला कडेवर घेतलं, खोकं घेतलं आणि गेली.

सोमवारी अमृता अंगणवाडीत आली नाही. मंगळवारीही नाही. त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले असताना श्रेयानं ही बातमी दिली.

"अमृता येणार नाय म्हणती. आबानं तिला फुली नाय दिली."

दीपमालानं सासऱ्याकडं पाहिलं. कडुबा भाकरी मोडत होता. "तिचं बरोबर होतं," तो म्हणाला.

"माझ्या गाडीला मारली होती तुम्ही," अतुल म्हणाला.

"कोणत्या गाडीला?"

"काड्यापेटीच्या. तिसरीत होतो मी. बटनांची चाकं होती. तुम्ही सेकंड शिफ्टला निघाले होते. मी दाखवली तर तुम्ही खिशातनं पेन्सिल काढली."

कडुबाला आठवेना. त्यानं आठवायचा प्रयत्न केला. कंपनीतली कितीतरी खोकी त्याला आठवत होती, गाडी आठवत नव्हती.

"चाकं वाकडी असतील," तो म्हणाला.

"होती," अतुल म्हणाला आणि त्यानं भाजी वाढून घेतली.

बुधवारी श्रेयाला सोडून कडुबा घरी न जाता सारजाबाईकडं गेला. तिचं घर मागच्या गल्लीत होतं. दारात दोन शेळ्या बांधलेल्या. सारजाबाई बाजेवर लसूण सोलत बसली होती. तिनं त्याला बस म्हटलं नाही, पण बाजेवरचं सूप उचलून बाजूला ठेवलं. तो बसला.

"पोरगी कुठंय?"

"बाजेखाली. तुमचा आवाज ऐकला अन् गेली." सारजाबाईनं लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "मी मारली तिला फुली. कोळशानं. तर म्हनती, तुही फुली नाय चालत."

कडुबानं वाकून बाजेखाली पाहिलं. अमृता खोकं पोटाशी धरून बसली होती. खोक्यावर कोळशाच्या पाच-सहा काळ्या फुल्या होत्या. एकीवर बोट फिरवून ती पुसायचा प्रयत्न झालेला दिसत होता.

"आण इकडं. बघू दे."

ती लगेच आली नाही. मग आली आणि खोकं त्याच्या गुडघ्यावर ठेवून उभी राहिली. कडुबानं ते पुन्हा तपासलं. चार दिवस ते घरभर फिरलं असणार, पण कोपरे धरून होते.

"फुली म्हणजे काय, माहितंय का तुला?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"काय?"

"आबानं बघितलं."

सारजाबाई लसूण सोलत राहिली. कडुबानं खोकं हातात घेऊन फिरवलं. पट्ट्यावरून पुढं गेलेली खोकी त्याच्या डोळ्यांपुढं आली. दिवसाला दोन-अडीच हजार. तीही त्यानं बघितली होतीच. पण फुलीशिवाय ते कुणाला कळणार होतं?

त्यानं खिशातून पेन्सिल काढली. टोक खोक्यावर ठेवलं तेव्हा हात थोडा अडला. मग त्यानं फुली मारली. बरोबर असलेल्या मालावर त्यानं मारलेली ही पहिली फुली. काही झालं नाही. शेळी ओरडली, पण ती आधीपासूनच ओरडत होती.

"मोठी," अमृता म्हणाली.

त्यानं या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघा ओढल्या.

अमृतानं खोकं नेऊन शेळीला दाखवलं. सारजाबाई चहा ठेवायला उठली. "साखर चालती का भाऊ, का डाक्टरनं बंद केली?" तिनं विचारलं.

"थोडी चालती."

त्या दिवशी अतुलची पहिली शिफ्ट होती. तो चार वाजता आला आणि हातपाय धुऊन बसला. कडुबा तासभर त्याच्या आसपास फिरत होता. कधी पाण्याचा माठ झाकला, कधी दाराची कडी बघितली. मग मुलासमोर बसला.

"चालायची का ती?"

"काय?"

"गाडी. काड्यापेटीची."

अतुलनं मोबाईल खाली ठेवला. "चालायची. पण डावीकडं वळायची."

"मग?"

"मग काही नाही. मी डावीकडंच खेळायचो."

कडुबानं मान हलवली. "मी बघायला पाहिजे होतं चालवून," तो म्हणाला. अतुलनं खाली ठेवलेला मोबाईल उचलला नाही. दीपमाला लॅबमधून आली तेव्हा दोघं तसेच समोरासमोर बसलेले होते, आणि काय झालं म्हणून तिनं विचारलं तर दोघंही काही नाही म्हणाले.

पुढचा शनिवार अप्पाराव म्हणून एका आजोबांचा होता, पण त्यांचा गुडघा दुखत होता. सरिताताईंनी कडुबाला निरोप पाठवला. शिवाय मुलंही विचारत होती, असं त्यांनी कळवलं. या वेळी कडुबानं तुकडे कापले नाहीत. एक मोठं खोकं, खळीची दोन भांडी आणि सुतळीचा गुंडा घेऊन तो गेला. खळीचं एक भांडं खाण्यासाठी धरलेलं होतं.

"आज काय करायचं?" त्यानं मुलांना विचारलं. हे त्यानं आयुष्यात कामावर कुणालाच विचारलं नव्हतं.

बरीच नावं आली. जेसीबी आला, आई आली, पाऊस आला. अमृता त्या दिवशी आली होती. ती कडुबाजवळ येऊन म्हणाली, "म्हैस."

"म्हैस कशी करतात मला माहीत नाय."

"मी सांगते," अमृता म्हणाली, आणि कडुबाला पहिल्यांदाच तिच्या तोंडून एवढं बोलणं ऐकायला मिळालं. आधी पोट करायचं. मग पाय. शेपूट सुतळीचं. डोळे दोन पाहिजेत, एक नाही चालत. कडुबा सांगेल तसं करत गेला. मधूनच त्याला वाटत होतं की मागचे पाय पुढच्यांपेक्षा आखूड झालेत. तो तसं म्हणालाही. अमृतानं वाकून पाहिलं आणि म्हैस खाली बसू राहिली असं सांगितलं. बाकीची मुलं आपापल्या कामात होती. मुंग्यांवाल्यानं आज गोगलगायीसाठी घर करायला घेतलं होतं, गोगलगाय मिळायची होती.

साडेअकराला मदतनीस बाईंनी खिचडीचं पातेलं आणून ठेवलं. मुलं हात धुवायला नळापुढं रांग लावून उभी राहिली. कडुबाच्या हाताला खळ लागली होती, कोपरापर्यंत. तो सरळ नळाकडं निघाला.

"आबा," श्रेया म्हणाली, "रांगेत या."

तो मागं फिरला. एकोणीस मुलांच्या मागं, टोपीवालीच्या पाठीशी, हात पुढं धरून उभा राहिला. रांग हळूहळू सरकत होती, कारण प्रत्येकाला नळ स्वतःच बंद करायचा होता.