समुद्रात पडलेले नाव

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे, पण माझ्या अंगावर एकही रेघ नाही. दुरून पाहिले तर किनारे दिसतात. भिंग धरले की कळते, ती सगळी अक्षरे आहेत. मोहरीहून बारीक हिब्रू अक्षरे.

माझा जन्म १८५४ साली मॉरिशस बेटावरच्या पोर्ट लुईत झाला. जन्म कसला, मी मोजणीच्या कचेरीतला टाकाऊ कागद होतो. एका कडेला शाई सांडलेला. एलोजी झिराडकर तिथे नकाशांच्या नकला उतरवत. ते कोकणातले बेने इस्राएल, मराठी बोलणारे यहुदी. एकदा साहेबाने त्यांना सहज विचारले, "तुम्ही लोक मूळचे कुठले?" एलोजींना एका शब्दात उत्तर देता येईना. ते मला घरी घेऊन आले आणि पिसाची लेखणी तासून उत्तर लिहायला बसले.

वरच्या कोपऱ्यात यरुशलेम. मग जिथे पूर्वजांचे गलबत फुटले तो कोकणातला नौगावचा किनारा. खाली हे मॉरिशस बेट. तिन्ही ठिकाणे प्रार्थनेच्या एकाच ओळीने जोडायची, ती कुठे तुटू द्यायची नाही, असा त्यांचा बेत होता. शनिवारी, शब्बाथच्या विसाव्याला, ते लेखणीला हात लावत नसत. इतर दिवशी कचेरीतून आले, हातपाय धुतले, की किनारा केसभर पुढे सरके. मुलगी शेगुला भिंग धरून बसे. बघता बघता तीही अक्षरे शिकली.

शेजारची देवकी पूर्वी बेटाच्या दक्षिण टोकाला, शमें ग्रेनिए गावी, उसाच्या मळ्यावर कामाला होती. ती मला पाहून म्हणायची, "एलोबाबा, ही मुंग्यांची रांग कुठवर नेताय?"

"तुझ्या शमें ग्रेनिएपर्यंत."

"मग जरा हाका की! मुंग्या म्हाताऱ्या व्हायच्या."

नऊ वर्षांनी एलोजी तापाने गेले. दक्षिणेचा चार बोटे किनारा लिहायचा राहिला.

सातव्या दिवशी त्यांचे मित्र हवालदार सामाजी आले. मला उलगडून ते म्हणाले, "पोरी, ह्यावर परमेश्वराचं नाव आहे. अर्धा कागद घरात पडून राहील, उद्या पायदळी येईल. एलोजीशेजारी मातीत ठेवू."

आमच्यात तशी रीत आहे. देवाचे नाव असलेला कागद निकामी झाला की जाळत नाहीत, फेकत नाहीत. त्याला माणसासारखे पुरतात.

"काका, महिन्याच्या दिवसापर्यंत थांबा. मी पुरा करते."

"तू? एलोजीला नऊ वर्षं पुरली नाहीत."

"त्यांनी चारच बोटं ठेवलीत."

शेगुला रोज लिहू लागली. वडिलांना पुरताना ती रडली नव्हती, लिहितानाही रडली नाही. महिना भरायला एक दिवस उरला होता. परमेश्वराचे नाव लिहिता लिहिता तिला दिसले, की तिचे अक्षर हुबेहूब वडिलांसारखे वळले आहे. तिचा हात दचकला. ते नाव किनारा सोडून समुद्रात पडले आणि त्यातले शेवटचे अक्षर राहून गेले.

कचेरीत चूक झाली की चाकूने खरवडतात. देवाचे नाव खरवडता येत नाही.

दुपारी सामाजी आले. त्यांनी भिंग लावले आणि मान हलवली. "आता इलाज नाही, पोरी."

शेगुलाने लेखणी बुडवली. किनाऱ्यावर तेच नाव पुन्हा, पूर्ण लिहिले. पुढची ओळ लिहिली. आणि ओळ न तोडता तिचाच एक फेर त्या पडलेल्या नावाभोवती घेतला.

"हे काय?"

"बेट आहे, काका."

"सरकारी नकाशात असं बेट नाही. देवाच्या नावाभोवती खोटं लिहितेस?"

मी मनात माती पांघरून घेतली.

तेवढ्यात देवकी भाजीची टोपली घेऊन आत आली. वाकून बघत म्हणाली, "कुठलं, शमें ग्रेनिएच्या पुढचं बेट? किनाऱ्याला लागून? व्हय की, हाय तिथं! ओहोटी लागली की आम्ही चालत जायचो, शिंपल्या काढायला."

"मग सरकारला कसं दिसलं नाही?"

"सरकार कधी शिंपल्या काढायला आलंय, हवालदार?"

सामाजी महिन्याभरात पहिल्यांदा हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "उरलेला नखभर किनारा पुरा कर. मी भिंग धरतो."

ऊन उतरेपर्यंत ते दोघे तसेच बसले होते. शेवटचे अक्षर पडले आणि ओळ पुरी झाली. दुसऱ्या दिवशी महिन्याच्या प्रार्थनेला मी भिंतीवर होतो. सामाजींनीच खिळा ठोकला.

मित्रांनो, त्याला आता पाच वर्षे झाली. मला उन्हापासून जपा, ओल्या हातांनी धरू नका, एवढेच माझे मागणे. आणि तुमच्या घरातून गेलेल्या माणसाचे काही अर्धे राहिले असेल, तर ते मिटवून ठेवण्याआधी एकदा हातात घ्या. हात थरथरेल. थरथरू द्या.