अखाजीला चढलेला झोका

अखाजीची, म्हणजे आमच्या अक्षय्य तृतीयेची, ड्यूटी पडली ती माझ्याच माथी! सावद्याला माहेरच्या निंबाला सणाचा झोका बांधलेला, आणि मी, सारिका, इथे जळगावजवळच्या वीज उपकेंद्रात पडद्यावरचा झोका बघत बसलेली. मोठ्या लाइनवरची वीज वर-खाली, वर-खाली होत होती. हेलकावे असेच वाढले असते तर लाइन ट्रिप होऊन अर्धा खानदेश बंद पडला असता.

फोन वाजला. हितेंद्र साहेब, आमचे वरिष्ठ.

"सावद्याचा फीडर बंद करा. तिथले सगळे पंप एकदम सुरू होतात, त्यांचाच हा गोंधळ आहे."

आमच्याकडे हे ठरलेलंच. काही बिघडलं की आधी खेड्यांची वीज जाते, शहरातले एसी गारेगार चालू. अंगाची नुसती आग झाली माझी. बाहेर ऊन असं की घड लागलेल्या केळीचं आज पाणी चुकलं तर बागा मान टाकतील.

"काल बंद केला होता ना, साहेब? हेलकावे थांबले का? मग खोट सावद्यात नाही."

"वाद नको. नाहीतर पिंपळनेरला बदली करीन."

"खुशाल करा! कारण कळल्याशिवाय मी बंद करणार नाही."

फोन आपटला खरा, पण माझं चुकलं असतं तर लाइनही गेली असती आणि नोकरीही.

लहानपणी आम्ही पोरी झोका फार चढवायचो, तेव्हा ताईबाई आत्या जमिनीला पाय घासून तो उतरवायची. वीजनिर्मिती केंद्रात विजेचे हेलकावे उतरवायचं तेच काम स्टॅबिलायझर करतो. तिथे माझी मैत्रीण पुनम ड्यूटीवर होती. तिला फोन लावला.

"तुमचा स्टॅबिलायझर चालू आहे ना गं?"

तिने पॅनेल तपासलं. मग म्हणाली, "अगं बाई! दुरुस्तीसाठी बंद केला होता. परत चालू करायचा राहिलाच!"

"मग कर की! मुहूर्त बघतेस का?"

पडद्यावरची रेघ एकदा जोरात उसळली. मग हेलकावे लहान लहान होत गेले आणि रेघ सरळ झाली.

लगेच साहेबांचा फोन. "बघा! सावदा बंद केला आणि कसं थांबलं? माझं ऐकत जा जरा."

"सावदा चालूच आहे, साहेब."

पलीकडे साहेबांनी कुणाला तरी विचारून खात्री केली.

"पिंपळनेरला कधी जायचं ते कळवा. संध्याकाळी मात्र फोन करू नका. मी झोक्यावर असेन."