गोमाजी बसून राहिला

करडी गावची दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ करणारी मंडळी, ऐकावी ती गोडव्यासाठी, असं अख्खा मोहाडी तालुका म्हणे. गाणं एवढं हळुवार, की ऐकता ऐकता आईच्या कडेवरचं पोर झोपी जावं. त्या दंडारीचा ढोल तीस वर्षं गोमाजीच्या गळ्यात होता. पण दोन वर्षांपासून त्याचे कान जात चालले होते, आणि ही गोष्ट त्याने घरातही कुणाला सांगितली नव्हती. स्वतःला ऐकू यावं म्हणून तो थाप जोरात मारी. दंडारीचे म्होरके केशवराव वैतागले होते.

"गाणं दाबून टाकून राहिला तू, गोमा. या मंडईत हळू बजाव, नाही तर ढोल आपल्या टेकचंदले देतो."

सत्त्याऐंशी सालची दिवाळी सरली, मोहाडीची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरली. दुपारी करडीची दंडार उभी राहिली आणि गोमाजीने हळू वाजवलं. एवढं हळू, की त्याला काहीच ऐकू आलं नाही. कापूस पिंजावा तसे नुसते हात हलत होते. दंडार संपल्यावर केशवरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ढोल गोमाजीकडेच राहिला.

मग नागपूरचा ऑर्केस्ट्रा. तो ठरवला होता मंडईचे प्रमुख बाबूलाल यांनी. ऑर्केस्ट्रा म्हणजे सिनेमाची गाणी, असं धरून ते निर्धास्त होते. आली ती खांद्यापर्यंत केस वाढवलेली, काळ्या सदऱ्यांची चार पोरं. त्यांनी "हेवी मेटल" असं काहीसं सांगितलं आणि गिटारीवर हात मारला.

मांडवाचे खांब थरथरले. बायांनी कानात पदर कोंबला. एकाने म्हटलं, "भात भरडाची गिरणी आणली का जी, बाबूलालभाऊ?"

गोमाजी मात्र ताठ झाला. आवाज जमिनीतून आला, मांडीतून चढला, बरगड्यांत घुमला. मागचा पोरगा ढोल बडवत होता आणि त्याची एकेक थाप गोमाजीला वेगळी मोजता येत होती. कोरड्या पडलेल्या बोडीत, गावतळ्यात, पाणी शिरावं, तसं काहीतरी त्याच्या आत भरत चाललं. त्याचे डोळे पाणावले.

पहिलं गाणं संपलं तेव्हा अर्धा मांडव रिकामा होता. "बंद करा," लोक ओरडत होते. पण मोहाडीच्या मंडईची रीत होती: पाहुण्या दंडारीतला एक जरी माणूस बसून असेल, तर खेळ थांबवायचा नाही. तो पाहुण्याचा अपमान. बाबूलालांनी हात जोडून करडीकरांकडे पाहिलं. केशवराव उठले, त्यांच्यामागे सगळे उठले.

गोमाजी उठला नाही.

केशवराव वाकून त्याच्या कानाशी ओरडले, "ऊठ ना बे. इज्जत घालवतं का करडीची?"

"मी बसतो."

"काहून?"

"मले ऐकू येऊन राहिलं."

"असा धिंगाणा तं बहिऱ्यालेही ऐकू येते."

"बहिराच हाओ मी, केशवराव. दोन साल झाले. आज तुमच्या गाण्याचा एक बोल मले ऐकू नाही आला. तरी तुम्ही पाठ थोपटली."

 केशवरावांचा आवाज चढला. "उठला नाही, तं ढोल गेला समज."

गोमाजीने शेजारी ठेवलेला आपला ढोल उचलला. पट्ट्यावरून एकदा अंगठा फिरवला, जिथे तीस वर्षांच्या घामाने चामडं काळं पडलं होतं, आणि स्वतःच्या हाताने तो दंडारीतल्या टेकचंदला दिला.

"घे. हळू बजावजो, या लोकायले तसंच लागते."

मंचावरची पोरं घाबरून पाहत होती. त्यांतला एक म्हणाला, "काका, बंद करू का?"

ओठांवरून गोमाजीला ते कळलं. "कायले?" तो म्हणाला. "अजून जोरात बजाव."

बाबूलालांनी कपाळावर हात मारला आणि पोरांना पुढे वाजवायची खूण केली.

करडीकर मांडवाबाहेर पडले. केशवराव दारातून अजून काहीबाही बोलत होते. गोमाजी सरकत सरकत पुढे गेला आणि मंचाच्या थरथरत्या फळीवर त्याने दोन्ही तळवे टेकवले.